नव्या वैमानिकासाठी अमेरिकेतील प्रादेशिक विमानकंपन्या : प्रशिक्षण, बेस आणि सेवाज्येष्ठतेची पारख

माझ्या मैत्रिणीची मुलगी गेल्या महिन्यात दोन नेमणूकपत्रे घेऊन आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी आली. दोन्ही पत्रे प्रादेशिक विमानकंपन्यांची होती, दोन्हीकडे उडवायचे विमान एम्ब्रेअर १७५ हेच होते आणि पहिल्या वर्षाचा ताशी दरही जवळपास सारखाच होता. एका पत्रात मात्र रुजू होण्याचा घसघशीत बोनस लिहिलेला होता आणि दुसऱ्यात त्याचा उल्लेखही नव्हता. "मावशी, यात विचार करण्यासारखे काय आहे?" असे तिने विचारले, आणि त्या संध्याकाळी मी जे काही तिला सांगितले त्यालाच जरा शिस्त लावून मी हे परीक्षण लिहिले आहे.

आधी एक खुलासा करते. मी स्वतः अशाच एका प्रादेशिक कंपनीत सव्वाचार वर्षे काढली, पहिली अडीच वर्षे उजव्या आसनावर सहवैमानिक म्हणून आणि नंतर डाव्या आसनावर कॅप्टन म्हणून. तिचे नाव येथे देणार नाही, कारण माझ्या तक्रारी माझ्या काळापुरत्या आणि माझ्या बेसपुरत्या, म्हणजे माझी ड्युटी जेथून सुरू होई त्या विमानतळापुरत्या, खऱ्या आहेत. आज तेथे रुजू होणाऱ्याला त्या तशाच भोगाव्या लागतील असे नाही. इतर कंपन्यांविषयी लिहिताना त्यांची विमाने, बेस, मालकी अशा सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींच्या पलीकडे मी गेलेले नाही.

या कंपन्या स्वतःच्या नावाने तिकिटे फारशी विकत नाहीत, हे प्रवाशांना सहसा ठाऊक नसते. विमानावर अमेरिकन ईगल, डेल्टा कनेक्शन किंवा युनायटेड एक्स्प्रेस असे रंगवलेले असते आणि आत बसलेले दोघे वैमानिक मात्र एन्व्हॉय, एन्डेव्हर, रिपब्लिक, स्कायवेस्ट अशा वेगळ्याच कंपनीचे नोकर असतात. मोठी कंपनी ठरलेला मोबदला देऊन त्यांच्याकडून उड्डाणे करून घेते आणि मोठ्या कंपनीच्या वैमानिकांच्या संघटनेने आपल्या करारात या छोट्या विमानांवर मर्यादा घालून ठेवलेली असते : साधारणपणे ७६ आसने आणि ८६,००० पौंड वजन. त्यामुळे प्रादेशिक कंपनीची वाढ तिच्या स्वतःच्या हातात नसते. नव्या वैमानिकाने ही गोष्ट मनाशी पक्की बांधून घ्यावी, कारण सेवाज्येष्ठतेचे जे गणित मी पुढे मांडणार आहे ते शेवटी याच परावलंबनाला येऊन टेकते.

प्रवेशाची अट सर्वांना एकच आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअरचे ३४०७ क्रमांकाचे उड्डाण बफेलोजवळ एका घरावर कोसळले आणि ५० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही, म्हणजे सहवैमानिकालाही, १५०० तासांचा अनुभव व एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचा परवाना बंधनकारक झाला. विमानविद्येची चार वर्षांची पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठातून घेतलेल्यास १०००, दोन वर्षांची पदवी असल्यास १२५० आणि लष्करी वैमानिकास ७५० तास पुरतात. अपघातातील दोन्ही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा अधिक होते, ही विसंगती येथील वैमानिक आजही एकमेकांना ऐकवतात. पण नियम तसाच आहे. रिपब्लिकने आपल्या अकादमीतील विद्यार्थ्यांसाठी २०२२ मध्ये ७५० तासांची सूट मागितली होती, ती एफएएने, म्हणजे येथील विमानवाहतूक नियामक संस्थेने, नाकारली. महाराष्ट्रातून विचारणा करणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की बारामतीला किंवा गोंदियाला काढलेला भारतीय परवाना येथे सरळ चालत नाही आणि ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल तर या कंपन्यांचे दार व्यवहारात बंदच समजावे. या परीक्षणाचा उपयोग मुख्यतः येथे वाढलेल्या मुलांना आणि त्यांच्या धास्तावलेल्या आईवडिलांना होईल.

प्रशिक्षणाबद्दल तरुण मुले सर्वांत अधिक विचारतात आणि माझ्या मते कंपन्या तेथेच एकमेकींपासून सर्वांत कमी वेगळ्या असतात. अभ्यासक्रम सरकारी नियमांनी बांधलेला आहे. आधी परवान्याच्या लेखी परीक्षेपूर्वीचा सक्तीचा वर्ग, ज्यात ३० तास वर्गात आणि १० तास सिम्युलेटरवर जातात. मग कंपनीच्या नियमांची ओळख, मग विमानाच्या यंत्रणा, मग कार्यपद्धतीचा सराव, मग पूर्ण सिम्युलेटर, त्यातील दोन मोठ्या परीक्षा, आणि शेवटी प्रवासी बसलेल्या खऱ्या विमानात तपासनीस कॅप्टनच्या शेजारी साधारण २५ तास. हा सगळा खर्च कंपनी करते. भारतात नवा वैमानिक टाइप रेटिंगसाठी, म्हणजे विशिष्ट विमान उडवण्याच्या पात्रतेसाठी, बहुधा स्वतःच्या खिशातून लाखो रुपये भरतो, हे ज्याला माहीत आहे त्याला येथील व्यवस्था चैनीचीच वाटेल.

तरीही फरक आहेत, आणि ते पत्रकात छापलेले नसतात. पहिला फरक म्हणजे वाट पाहणे. माझी सिम्युलेटरची अखेरची परीक्षा झाली आणि त्यानंतर तपासनीस कॅप्टन मोकळा नाही म्हणून मी सात आठवडे घरी बसून राहिले. पगार चालू होता म्हणून नातेवाइकांनी हेवा केला, पण सात आठवड्यांत हाताला लागलेली लय जाते, आणि पहिल्या खऱ्या उड्डाणाच्या दिवशी मी चेकलिस्ट अशी वाचत होते की जणू ती प्रथमच पाहत होते. शिवाय सिम्युलेटरच्या परीक्षेपासून १२० दिवसांत १०० तास पूर्ण करण्याचा नियम असतो. कंपनीकडे नव्या माणसांची गर्दी आणि उड्डाणे कमी असतील, तर तेही जिकिरीचे होते. दुसरा फरक म्हणजे चुकणाऱ्याला दिली जाणारी संधी. सिम्युलेटरमध्ये एखादा दिवस वाईट जातोच. अशा वेळी जादा सत्र, हवे तर दुसरा प्रशिक्षक आणि आठवडाभराची उसंत देणारी कंपनी निराळी, आणि परीक्षेत ढकलून देऊन मग नोंदवहीत लाल शेरा मारणारी निराळी. हा शेरा आता वैमानिकांच्या सरकारी नोंदींच्या संग्रहात जातो आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीत समोर येतो. म्हणून प्रशिक्षण उत्तम आहे का, असा मोघम प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. गेल्या चार वर्गांतील किती जण शेवटपर्यंत टिकले आणि सिम्युलेटर संपल्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत किती दिवस गेले, हे नुकत्याच रुजू झालेल्या दोघांना तरी विचारावे. भरती विभागाच्या माणसाचे उत्तर नेहमी गोडच असते.

आता मूळ मालाकडे वळते. ही कंपनी तुम्हाला विमान, गणवेश, पगार या सगळ्यांपेक्षा मोलाची एकच वस्तू देते : यादीतला एक क्रमांक. माझी आई सातारा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे सेवाज्येष्ठता यादी हा शब्द मी मुळाक्षरांबरोबरच शिकले. तरीही येथील यादीची सत्ता पाहून मी चकित झाले. आईच्या काळात यादी होती, पण तिच्या शेजारी ओळख होती, अर्ज होते, पुढारी होते, वैद्यकीय दाखले होते. येथे यादीच्या शेजारी काहीही नाही. कोणत्या बेसला बसायचे, कोणते विमान उडवायचे, महिन्याची कोणती उड्डाणे, दिवाळीला सुट्टी की शिकागोच्या बर्फात रात्रपाळी, कॅप्टन कधी व्हायचे, मंदीत कोणाला आधी घरी पाठवायचे, हे सारे त्या एका आकड्यावर ठरते. तुम्ही विमान किती नजाकतीने उतरवता याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मला हे आवडते, हे कबूल करते. मुख्य वैमानिकाशी पटत नाही म्हणून कोणाची गणपतीची सुट्टी बुडाली असे माझ्या पाहण्यात एकदाही आले नाही.

आकडा मिळतो रुजू होण्याच्या दिवशी. एकाच वर्गातील मुलांमध्ये पुढेमागे कसे लावायचे, याचा प्रत्येक कंपनीचा रिवाज वेगळा आहे. कोठे वयाने मोठा तो पुढे, कोठे सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे आकडे पाहतात. आमच्या वर्गात वय पाहिले गेले आणि पस्तिशी ओलांडलेली मी सर्वांत पुढे गेले. वर्गातली बाविशीची मुले तेव्हा हसली होती, पण बेसची निवड करताना शेवटच्या दोघांना जे शहर उरले ते पाहून त्यांचे हसू मावळले. यावरून वर्गाच्या तारखेचे मोल कळावे. दोन आठवडे आधीचा वर्ग म्हणजे तीस-चाळीस माणसांच्या पुढे जागा, आणि ती माणसे त्या कंपनीत असेपर्यंत तुमच्या मागेच राहतात.

या यादीचा दुसरा गुण, किंवा दुर्गुण, असा की ती कंपनीच्या फाटकाबाहेर जात नाही. आंतरजिल्हा बदली घेतलेला शिक्षक नव्या जिल्ह्यात यादीच्या तळाशी जाऊन बसतो, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना अधिक सांगायला नको. येथेही दहा वर्षांचा कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला की पहिल्या दिवशी शेवटच्या क्रमांकाचा नवखा होतो आणि पगारही पहिल्या वर्षाचा घेतो. दोन कंपन्या एकत्र झाल्या तर याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र कराव्यात असा कायदा २००७ मध्ये झाला आहे. २०२५ मध्ये मेसा कंपनी रिपब्लिकमध्ये विलीन झाली, तेव्हा तेथील वैमानिकांना निदान तेवढा आधार होता. कंपनी बंदच पडली तर मात्र कसलाही कायदा आकडा परत देत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये ट्रान्स स्टेट्स आणि कम्पास बंद झाल्या आणि त्याच वर्षी युनायटेडने आपले काम काढून घेतल्यावर एक्स्प्रेसजेटची युनायटेडसाठीची उड्डाणे थांबली. त्या कंपन्यांत वर्षानुवर्षे काढून घराजवळच्या बेसला सकाळची पाळी पटकावलेले कॅप्टन होते. एका मोठ्या कंपनीच्या निर्णयाने त्यांची पाटी कोरी झाली. म्हणून कोणत्याही प्रादेशिक कंपनीची पारख करताना तिच्या विमानांवर कोणाकोणाची नावे रंगवलेली आहेत ते मी आधी पाहते. स्कायवेस्ट डेल्टा, युनायटेड, अमेरिकन आणि अलास्का अशा चौघांसाठी उडते, रिपब्लिक तिघांसाठी. एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमॉन्ट या अमेरिकनच्या, एन्डेव्हर डेल्टाच्या आणि होरायझन अलास्काच्या घरच्या कंपन्या आहेत. घरची कंपनी बुडवणे मालकाला जड जाते असे म्हणतात, आणि ते बरेचसे खरेही आहे. पण कोमेअर ही डेल्टाचीच होती आणि ती २०१२ मध्ये डेल्टानेच बंद केली, एवढे ध्यानात ठेवावे.

आकडा कसा हलतो हेही समजून घ्यायला हवे. तो वर सरकतो तो तुमच्यापुढचे लोक निघून गेल्यामुळे, आणि प्रादेशिक कंपनीतून लोक निघतात ते मोठ्या कंपन्या भरती करतात तेव्हा. २००७ च्या डिसेंबरमध्ये निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले आणि पाठोपाठ मंदी आली. त्या पाच-सहा वर्षांत यादी गोठली आणि फर्स्ट ऑफिसर म्हणून रुजू झालेले लोक फर्स्ट ऑफिसर म्हणूनच प्रौढ झाले. उलट २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी असा सपाटा लावला की प्रादेशिक कंपन्यांत माणूस रुजू होऊन हजार तास भरताच त्याला कॅप्टनचे बोलावणे येई. हे हजार तास कायद्याने लागतातच, म्हणून तेच खरे बंधन राहिले होते. माझे डावे आसन मला अडीच वर्षांत मिळाले त्यात माझे कर्तृत्व शून्य. मी फक्त योग्य वर्षी रांगेत उभी होते. २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांची भरती मंदावली, प्रादेशिक कंपन्यांतली गळती थांबली आणि नेमणूकपत्र हाती असूनही वर्गाची तारीख न मिळालेली मुले विमानशाळांत शिकवत बसून राहिली.

याच ओढाताणीतून एक गोष्ट निघाली आहे, तिच्याविषयी नव्यांनी सावध असावे. कॅप्टन कमी पडल्यामुळे काही कंपन्यांच्या करारांत आता अशी कलमे आली की हजार तास झाल्यावर कॅप्टनपद नाकारता येत नाही, किंवा कॅप्टन झाल्यावर ठरावीक काळ कंपनी सोडता येत नाही. लवकर कॅप्टन होणे ऐकायला छान वाटते. पण कॅप्टनांच्या रांगेत तुम्ही पुन्हा तळाशी जाता. फर्स्ट ऑफिसर म्हणून महिन्याला सोळा दिवस सुट्टी आणि घराजवळचा बेस मिळवलेला माणूस कॅप्टन होताच परक्या शहरात रिझर्व्हवर, म्हणजे फोन वाजण्याची वाट पाहत, बसतो. मी स्वतः सहा महिने हे केले. पगार वाढला आणि मुलाच्या शाळेतल्या दोन स्नेहसंमेलनांना मी नव्हते.

आता बेस. या विषयावर मी सर्वांत अधिक बोलते असे माझा नवरा म्हणतो, आणि त्याला कारण आहे. बेस म्हणजे ज्या विमानतळावर तुमची नोकरी सुरू होते आणि संपते तो. तेथपर्यंत पोहोचणे ही कंपनीची नव्हे, तुमची जबाबदारी. माझा पहिला बेस शिकागो होता आणि घर एडिसनला. रिझर्व्हवरच्या माणसाला फोन आल्यापासून साधारण दोन तासांत विमानतळावर हजर व्हावे लागते, त्यामुळे न्यू जर्सीत घरी झोपून शिकागोची नोकरी करता येत नाही. मग आदल्या संध्याकाळी नेवार्कहून रिकामे आसन किंवा कॉकपिटमधले जम्पसीट नावाचे जादा आसन मिळेल का हे पाहत बसायचे, पहिले विमान भरलेले निघाले तर दुसरे, दुसरे वादळात अडकले तर तिसरे. पोहोचल्यावर विमानतळाजवळच्या एका घरात महिना ३५० डॉलर देऊन घेतलेल्या दोनमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर झोपायचे. अशा घराला क्रॅशपॅड म्हणतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये क्यू गार्डन्स नावाची एक वस्ती अशा घरांनी इतकी भरली आहे की वैमानिक आणि हवाईसुंदऱ्या तिला क्रू गार्डन्सच म्हणतात. माझ्या क्रॅशपॅडमध्ये आम्ही नऊ जण आणि एक फ्रिज होतो. त्या फ्रिजमध्ये मी ठेवलेला मेथीच्या पराठ्यांचा डबा दोनदा नाहीसा झाला, आणि दुसऱ्यांदा चोराने कृती विचारणारी चिठ्ठी ठेवली होती.

विनोद सोडला तर हिशेब असा होता. चार दिवसांच्या ड्युटीच्या मागेपुढे माझे दीड दिवस प्रवासात जात. महिन्यातून चारदा ड्युटी, म्हणजे सहा दिवस विनापगार. कागदावर मला बारा दिवस सुट्टी होती, घरी मी त्यातली सहा होते. बोनसची सगळी रक्कम या प्रवासांत वाया गेलेल्या दिवसांनी मी भागली, तेव्हा जो रोज पडला तो आमच्या एडिसनच्या किराणा दुकानातल्या पोऱ्यालाही परवडला नसता.

आणि हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. कोलगनच्या त्या उड्डाणाच्या वैमानिकांचा बेस नेवार्क होता. फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानात जम्पसीटवर बसून मेम्फिसमार्गे नेवार्कला आली होती. कॅप्टनने रात्र वैमानिकांच्या विश्रामकक्षात काढली होती. विमान स्टॉलच्या, म्हणजे वेग घटून पंखांची उचल गमावण्याच्या, उंबरठ्यावर असताना नाक खाली घालण्याऐवजी कॅप्टनने दांडा मागे ओढला, हे अपघाताचे कारण ठरले. चौकशी मंडळाने असेही नोंदवले की दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, मात्र तो किती हे ठामपणे सांगता येत नाही. त्यानंतर २०१४ पासून ड्युटीआधी दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची सलग सवड सक्तीची झाली. पण ही सवड कंपनी मोजते ती बेसवर ड्युटी संपल्यापासून पुढच्या ड्युटीपर्यंत. घरापासून बेसपर्यंतचा प्रवास त्या मोजमापात बसत नाही. तो वैमानिकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवलेला आहे.

एडिसनपासून गाडीने जाता येईल अशा बेसांचा विचार केला तर आमच्या भागातील मुलांना पर्याय थोडे पण चांगले आहेत. रिपब्लिकचा बेस नेवार्कला आहे, म्हणजे पहाटे वाहतूक नसताना अर्ध्या तासाचे काम. शिवाय तिचे लागार्डिया, फिलाडेल्फिया, बोस्टन, वॉशिंग्टन असे पूर्व किनाऱ्यावरचे जाळे दाट आहे, त्यामुळे पहिल्या खेपेस नेवार्क मिळाले नाही तरी आगगाडीने किंवा गाडीने पोहोचण्यासारखे काहीतरी पदरात पडते. एन्डेव्हरचा न्यूयॉर्कचा बेस जेएफके आणि लागार्डिया असा जोडीने चालतो. नकाशावर तो जवळ दिसतो, पण वेराझानो पुलावरची दुपार ज्याने पाहिली आहे तो नकाशावर विश्वास ठेवणार नाही. पीडमॉन्टचे फिलाडेल्फिया दीड तासावर आहे. तिचे विमान ५० आसनांचे जुने एम्ब्रेअर १४५, पण अमेरिकनमध्ये सरळ जाण्याची वाट तिच्याकडे असल्याने ज्यांना ती वाट हवी आहे त्यांनी विमानाच्या वयाकडे पाहून नाक मुरडू नये. पीएसएचा शार्लट आणि एन्व्हॉयचे डॅलस, शिकागो, मायामी हे बेस टेक्सास, इलिनॉय किंवा दक्षिणेकडे राहणाऱ्या कुटुंबांना सोयीचे. न्यू जर्सीच्या मुलाने ते घेताना घर बदलण्याची तयारी ठेवावी. स्कायवेस्टचे मुख्यालय युटामधल्या सेंट जॉर्ज या छोट्या गावात आणि बेस सॉल्ट लेक सिटी, डेन्व्हर, फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, मिनिअ‍ॅपोलिस, शिकागो असे पसरलेले. बे एरियातल्या मराठी घरांतील मुलांनी तिचा विचार जरूर करावा. तिच्या वैमानिकांची देशव्यापी संघटना नाही, कंपनीअंतर्गत प्रतिनिधी मंडळ आहे. माझ्यासारख्या संघटनेच्या वर्गणीवर विश्वास असणाऱ्या बाईला ते खटकते, पण तेथे सुखाने नोकरी करणारे अनेक जण मला भेटले आहेत. बेस उघडतात आणि मिटतात, म्हणून ही यादी आजची समजावी.

नेमणूकपत्रावर बेसचे नाव असणे आणि तो बेस तुम्हाला मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विचारायचा प्रश्न असा : त्या बेसवर सर्वांत कनिष्ठ फर्स्ट ऑफिसर कोणत्या महिन्यात रुजू झालेला आहे, आणि रिझर्व्हमधून सुटून ठरलेले वेळापत्रक मिळणारा सर्वांत कनिष्ठ माणूस कोणत्या महिन्यातला आहे? या दोन तारखांमधले अंतर म्हणजे तुमचे फोनशेजारी बसण्याचे दिवस. वैमानिकांना ही माहिती दर महिन्याच्या वाटपानंतर दिसते आणि कोणीही नोकरदार ती सांगू शकतो.

पैशांविषयी थोडक्यात. २०२२ पूर्वी प्रादेशिक कंपनीतला नवा फर्स्ट ऑफिसर खरोखर हलाखीत राहत असे. त्या वर्षी जूनमध्ये पीडमॉन्ट आणि एन्व्हॉय यांनी पहिल्या वर्षाचा दर ताशी ९० डॉलरवर नेला आणि बाकीच्यांना मागोमाग जावे लागले. महिन्याला ७५ तासांची हमी धरली तर वर्षाचे ८१,००० डॉलर होतात. तास मोजले जातात ते विमान जागचे हलल्यापासून थांबेपर्यंत. विमानतळावर ताटकळलेले चार तास त्यात नसतात. बोनसवर कर कापला जातो, आणि मुदतीआधी सोडल्यास तो परत मागितला जातो, अनेकदा कापलेल्या करासकट. तो बक्षीस नसून बिनव्याजी कर्ज आहे असे समजून करार वाचावा.

अमेरिकनच्या तिन्ही घरच्या कंपन्यांत जी फ्लोची सोय आहे, म्हणजे सेवाज्येष्ठतेने मुलाखतीशिवाय मोठ्या कंपनीत जाणे, तिची जाहिरात फार होते. सोय खरी आहे. मात्र तिचा वेग अमेरिकनच्या भरतीवर चालतो आणि भरती थांबली की रांग जागच्या जागी राहते. शिवाय हुशार मुले मुलाखत देऊन डेल्टा, युनायटेडला त्याआधीच निघून जातात. फ्लो ही छत्री आहे. पाऊस पडला नाही तरी बरोबर असावी, पण तेवढ्यासाठी मायामीला बिऱ्हाड हलवू नये.

मैत्रिणीच्या मुलीच्या दोन पत्रांकडे परत येते. बोनसवाल्या कंपनीचा वर्ग तीन आठवड्यांवर होता आणि नव्यांना मिळणारा बेस विमानाने तीन तासांवर. दुसरीचा वर्ग दोन महिने उशिरा, पण नेवार्कच्या बेसवर तिचा सर्वांत कनिष्ठ फर्स्ट ऑफिसर अवघ्या पाच महिन्यांपूर्वी रुजू झालेला. वर मी तारखेचे एवढे महत्त्व सांगितले, तरी मी तिला दुसरे पत्र निवडायला सांगितले. पहिल्या कंपनीत तिचा आकडा नेमणुकीच्या वेळी बरा असेल, पण घराजवळ येण्याइतका तो चांगला कधीच होणार नाही, कारण त्या कंपनीचा बेस आमच्या आसपासच्या भागात मुळी नाहीच. दुसरीत शंभरेक माणसे तिच्यापुढे जातील, आणि तरीही वर्षाच्या आत ती स्वतःच्या पलंगावर झोपून रिझर्व्हची ड्युटी करू शकेल. तिचे वडील मात्र अजून बोनसच्या बाजूने आहेत. त्यांनी त्या रकमेतून फ्लाइंग स्कूलचे कर्ज किती फिटेल याचा तक्ता केला आहे आणि तो तक्ता बरोबर आहे. मी त्यात प्रवासाच्या दिवसांचा एक रकाना वाढवून त्यांना परत पाठवला आहे. दोन्ही कंपन्यांना उत्तर शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे.